आईपासून लपवलेली गोष्ट

ऑपरेशन थिएटरचं दार उघडून डॉक्टर बाहेर आले आणि त्यांचा चेहरा बघूनच माझ्या पोटात गोळा आला. आईच्या कंबरेच्या मणक्याचं ऑपरेशन दोन तासांत आटोपणार होतं. साडेतीन तास होऊन गेले होते.

''नसांवरचा दाब मोकळा झालाय,'' ते म्हणाले, ''पण तो करताना नसांभोवतीचं आवरण थोडं फाटलं. टाके घालून शिवलंय.''

दादा भडकलाच. ''फाटलं म्हणजे? हा निष्काळजीपणा नाही तर काय?''

डॉक्टरांनी आम्हाला बसवलं आणि कागदावर चित्र काढलं. मज्जारज्जू व नसा एका पिशवीत असतात. तिच्या बाहेरच्या मजबूत पदराला ड्यूरा म्हणतात. आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो, मोठ्या माणसात एका वेळी साधारण १५० मिलीलीटर. उतारवयात मणक्यांमधला अस्थिबंध जाड होतो, कधी या पदराला चिकटतो. तो सोडवताना निष्णात हातांकडूनही चीर पडू शकते.

''टाक्यांशिवाय दुसरा उपाय नव्हता?'' माझ्यातल्या पत्रकाराला राहवेना.

''आहेत ना. चीर सरळ आणि हात पोहोचेल अशा जागी असेल, तर अगदी बारीक धाग्याने शिवणं हा पहिला उपाय. पण सुईच्या भोकांतूनही झिरपू शकतं, म्हणून वर चरबीचा किंवा स्नायूचा तुकडा ठेवतात किंवा फायब्रिन ग्लू लावतात. रक्त गोठतं त्याच तत्त्वावर तो चिकटतो. चीर कडेला, सुई फिरणारच नाही अशा ठिकाणी असली, तर कोलॅजनचा पातळ पापुद्रा नुसता वर बसवतात. भोक मोठं असेल तर ठिगळ लावावं लागतं. मग भूलतज्ज्ञ क्षणभर फुफ्फुसांतला दाब वाढवतात आणि गळतंय का ते आम्ही बघतो.''

''यातली सर्वांत चांगली पद्धत कोणती?''

''सगळ्यांना लागू पडेल अशी एकच नाही. चिरीची जागा आणि आकार बघून ठरवायचं.''

दादा निवळला. पण बाहेर आल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं, आईला काही सांगायचं नाही. उगाच घाबरेल. ''सपाट झोपून राहा'' एवढंच तिला सांगितलं.

दुसऱ्या पहाटे माझा डोळा लागला. बेडपॅनची लाज वाटून आई एकटीच उठून बसली. बसताक्षणी डोकं ठणकू लागलं, आडवं होताच कमी झालं. मुलांना त्रास नको म्हणून तिनेही ते दिवसभर लपवलं! संध्याकाळी नर्सने पाहिलं, तर पट्टी स्वच्छ पाण्याने भिजलेली. डॉक्टर धावत आले. जखमेवर जादा टाके घातले आणि म्हणाले, ''थांबलं नाही तर पुन्हा उघडावं लागेल.''

त्या रात्री मी आईला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती.

''अगं, आधी सांगितलं असतंस तर मी उठले असते का? तीस वर्षं लोकांचे ब्लाऊज शिवले मी. ताज्या टाक्यावर ताण द्यायचा नसतो, हे मला कळत नाही होय?''

मी खाली मान घातली. डॉक्टर आमच्यापासून काही लपवतील अशी आम्हाला धास्ती होती. ते तर स्वतःहून बोलले. लपवलं ते आम्हीच, आणि तेही जिच्या पाठीचा प्रश्न होता तिच्यापासून.

सुदैवाने झिरपणं थांबलं, पुन्हा उघडायची वेळ आली नाही. चौथ्या दिवशी आई डॉक्टरांच्या सांगण्यावरून उठून बसली. डोकं दुखलं नाही.

तुमच्या घरी कुणाचं मणक्याचं ऑपरेशन झालं, तर पडून किती दिवस राहायचं ते डॉक्टरांनाच विचारा. प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. पण बसल्यावर वाढणारी डोकेदुखी, ओली पट्टी, ताप किंवा मान आखडणं यांतलं काहीही दिसलं तर तासभरही थांबू नका. आणि रुग्णाला खरं सांगा.

लॅटिनमध्ये ड्यूरा मेटर म्हणजे कठीण माता, हे मला नंतर कळलं. आईला सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, ''मग एवढं घाबरत काय होता मला सांगायला?''