जाहिरात आली म्हणून

पूर्ण थकबाकीचे पैसे घेऊन आम्ही बँकेत गेलो आणि बँकेने ते घेतले नाहीत. हे अजूनही पचत नाही.

शिरोलीच्या एमआयडीसीत चुलतभावाच्या कंपनीची फाउंड्री. कर्जाला माझे वडील, अण्णा, जामीनदार; तारण आमचं कोल्हापूरचं राहतं घर. ऑर्डरी तुटल्या, हप्ते थकून खातं एनपीए झालं, कंपनी दिवाळखोरीत गेली. प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दाखल करून घेतलं आणि कंपनीविरुद्धची वसुली थांबली. जामीनदाराला हे संरक्षण नाही, दिवाळखोरी कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीत तसं स्पष्टच लिहिलंय. कारखान्याच्या भट्टीला हात लावता येत नव्हता, अण्णांच्या देवघराला येत होता.

बँकांना तारण विकून वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस आली. मग दारावर ताब्याची नोटीस डकवली. अण्णांनी कुणाला कळू दिलं नाही. मग पेपरात लिलावाची जाहिरात आली: चतुःसीमा, राखीव किंमत आणि अण्णांचं पूर्ण नाव. ती वाचून नातेवाईक धावून आले. आत्याने पाटल्या मोडल्या, काकांनी ठेवी मोडल्या. तोवर लिलाव झाला, पण घेणाऱ्याने 25 टक्केच भरले होते. उरलेल्या रकमेला 15 दिवसांची मुदत असते. त्या मुदतीतच मामा आणि मी बँकेत पोचलो.

अधिकारी शांतपणे म्हणाले, "ताई, जाहिरात आली त्या दिवशीच तुमचा हक्क संपला."

2016 पर्यंत विक्री पुरी होईस्तोवर पैसे भरून मालमत्ता सोडवता यायची. त्या वर्षी सरफेसी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ही वेळ जाहिरातीच्या तारखेपर्यंत मागे आणली. म्हणजे चार लोकांना कळून मदत उभी राहते, त्याच दिवशी दार बंद! पुण्याच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात अर्ज केला, तो फेटाळला गेला. पुढे 2023 मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. तिथे तर उच्च न्यायालयाने लिलावानंतर मालमत्ता सोडवू दिली होती, ती परवानगीही रद्द झाली.

घर घेणाऱ्याला मी पुष्कळ शिव्याशाप दिले. नंतर कळलं, त्यानेही कर्ज काढूनच पैसे उभे केले होते. बोली जिंकल्यावरही मूळ मालक येऊन घर परत नेणार असेल तर बोली लावेल कोण, हा न्यायालयाचा मुद्दा मला पटतो. आणि तरीही हा नियम मला मान्य नाही. याच कायद्यात शेतजमिनीला सूट आहे, मग राहत्या घराला का नाही? निदान लिलाव होईपर्यंतची मुदत तरी घरमालकाला मिळायला हवी.

कुणाच्या कर्जाला तुम्ही घर तारण ठेवलं असेल, तर पहिली नोटीस येताच भावकीला, सोयऱ्यांना सांगा. लाजून गप्प बसू नका. पैसे जाहिरातीच्या आधी भरा, नंतर ते कुणी घेईलच असं नाही.