आमच्या घरची तार

'नाचतां येईना अंगण वांकडें' ही म्हण आम्हीं वर्गांत आजवर किती मुलांकडून पाठ करवून घेतली असेल, याची गणती नाहीं. परंतु तिचा खरा अर्थ आम्हांस आमच्याच घरांतील एका तारेनें शिकविला. वार्षिकाच्या पानांतून शिक्षकांनीं मुलांच्या चुका दाखवाव्या असा प्रघात आहे. यंदा एका शिक्षकानें आपली चूक सांगितली तर वाचक राग मानणार नाहींत अशी आशा आहे.

गोष्ट सन २०२० ची. महामारीमुळें मार्च महिन्यांत शाळा बंद झाल्या, आणि जूनपासून आपल्या राज्यांत इंटरनेटवरून घरूनच शिकविणें सुरू झालें. आमच्याकडे दहावीचा शास्त्राचा वर्ग होता. आमचें घर जुनें, काळ्या दगडाचें. भिंती चांगल्या दीड हात रुंद. इंटरनेटची पेटी दिवाणखान्यांत दाराजवळ, आणि आमची अभ्यासाची खोली घराच्या दुसऱ्या टोंकाला. वाय-फायच्या लहरी असल्या भिंतींतून जातां जातां क्षीण होतात. म्हणून सन २०१४ मध्येंच आम्हीं पेटीपासून आमच्या टेबलापर्यंत एक तार ओढून घेतली होती. पुढील सर्व रामायण त्या तारेचें आहे.

सकाळीं आठ वाजतां वर्ग भरे. आम्ही प्रकाशाचें अपवर्तन शिकवीत असूं, आणि वाक्याच्या मध्येंच आमचा आवाज तुटे. "सर, ऐकूं येत नाहीं," असें मुलें लिहीत. आम्ही पुन्हा सांगत असूं. पुन्हा तेंच होई. एके दिवशीं आम्हीं एका मुलीस प्रश्न विचारला, तिचें उत्तर आलें नाहीं. दुसऱ्या दिवशींहि आलें नाहीं. तिच्या घरीं एकच मोबाइल, आणि तो नऊच्या सुमारास वडिलांबरोबर कामावर जाई, हें आम्हांस ठाऊक होतें. तरीहि आम्ही सर्व वर्गासमक्ष तिला म्हणालों, "लक्ष नसेल तर वर्गांत बसूं नये, आणि नेट चांगलें नसेल तर वडिलांना दुसरें घ्यायला सांग." ती हळूच म्हणाली, "सर, बाकीच्यांचा आवाज मला नीट येतो. तुमचाच तुटतो." आम्हांस तो उद्धटपणा वाटला. टिपणवहींत तिच्या नांवापुढें आम्हीं 'लक्ष देत नाहीं' असा शेरा लिहून ठेविला.

मुलीवरचा राग काढून झाल्यावर आम्ही कंपनीकडे वळलों. त्या वेळीं आमच्याकडील इंटरनेट टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येत असे. अशा तारेंत दोन उणिवा स्वभावतःच असतात. केंद्रापासून घर जितकें दूर, तितकी गति मंदावते. आणि घरांत येणाऱ्या मजकुराला वाट रुंद, तर घरांतून बाहेर जाणाऱ्याला अरुंद ठेविलेली असते. चित्रपट पाहणाराला हें जाणवत नाहीं. पण शिक्षकाचा आवाज व चेहरा बाहेर जाणाऱ्या वाटेनेंच जावयाचा असतो. एवढें वाचून आम्हीं निदान पक्कें केलें, आणि ऑगस्ट महिन्यांत ती कंपनी सोडून काचतंतूची, म्हणजे फायबरची, लाइन देणारी दुसरी कंपनी धरली. महिन्याचा खर्च वाढला. परंतु करारांत १०० मेगाबिटांची गति लिहिलेली होती, आणि जाण्यायेण्याच्या दोन्ही वाटा सारख्या रुंद होत्या. आतां आपल्या वर्गांत कोणी 'ऐकूं येत नाहीं' असें लिहिणार नाहीं, असें आम्ही घरांत ऐटीनें सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं आठ वाजून दहा मिनिटांनीं तेंच वाक्य आमच्या पडद्यावर उमटलें.

आतां नव्या कंपनीकडे तक्रारी सुरू झाल्या. लाइनमन म्हणून जो तरुण येई तो आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी. तो पेटीजवळ उभा राही, लहानशा यंत्रानें काचेंतून येणारा प्रकाश मोजी आणि म्हणे, "सर, लाइन बरोबर आहे." दोनदां असें झाल्यावर आम्हीं कंपनीकडे लेखी तक्रार केली, कीं हा मनुष्य कामांत हयगय करतो. पत्र चांगलें कडक उतरलें होतें. भाषा शिकविणारे आमचे एक सहकारीहि त्याची वाखाणणी करून गेले.

नोव्हेंबरांत तो तिसऱ्यांदां आला. या वेळीं त्यानें पेटी पाहिलीच नाहीं. थोडा वेळ तो घुटमळला आणि मग म्हणाला, "सर, रागावणार नसाल तर एक विचारतों. या पेटीपासून तुमच्या टेबलापर्यंतची तार कोणाची?"

"आमची," आम्ही म्हणालों.

त्यानें पिशवींतून हातभर लांबीची एक तार काढली, आमचा संगणक उचलून पेटीजवळ आणला आणि त्या तारेनें दोन्ही जोडले. गति भरली ९४ मेगाबिट. संगणकावरून त्यानें शंभर लहान संदेश पाठविले, शंभरहि परतले. मग तोच संगणक आमच्या टेबलावर नेऊन आमच्या तारेला लावला. गति १० मेगाबिटांपर्यंतहि पोहोंचेना, आणि शंभर संदेशांपैकीं नऊ वाटेंतच हरवले. पंख्याचें बटण दाबलें तेव्हां आणखी हरवूं लागले. आमच्या वाक्यांतले शब्द कोठें जात होते तें आम्हांस त्या क्षणीं समजलें. पहिल्याच भेटींत हें कां सांगितलें नाहीं, असें विचारतां तो खालीं पाहून म्हणाला, "सरांच्या घराला नांवें कशीं ठेवायचीं?"

दुपारीं आम्हीं दोघांनीं ती तार ओढून बाहेर काढली. असल्या तारेच्या पोटांत आठ बारीक तारा असतात, आणि दोन-दोन मिळून त्यांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठीं नसतो. टेलिफोनच्या तारांची जोडी पिळण्याच्या युक्तीचें पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें सन १८८१ मध्यें घेतलें. जोडी पिळलेली असली म्हणजे बाहेरील विजेचा उपद्रव दोन्ही तारांना सारखाच पोहोंचतो. आणि पलीकडचें यंत्र दोहोंतील फरक तेवढाच वाचीत असल्यामुळें तो उपद्रव आपोआप वजा होतो. म्हणून टोंकाशीं जोडतांना हा पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडूं नये असा नियम आहे. आमच्या तारेचा तो दोन्ही टोंकांशीं दोन-अडीच इंच उलगडलेला होता. शिवाय वेगळी नळी बसविण्याचा खर्च वांचावा म्हणून आम्हींच वायरमनला सांगून ती दिव्यापंख्याच्या तारांच्या नळींतून ओढविली होती. उपद्रवाला शेजार दिला आणि त्याला आवरणारा पीळ सोडून टाकला, असें झालें होतें. वस्तुतः विजेच्या तारांबरोबर ही तार एका नळींत घालणें सुरक्षितहि नाहीं.

तिसरा दोष सर्वांत लाजिरवाणा. त्या तरुणानें एक तार ब्लेडनें खरवडली, तों वरच्या तांबूस मुलाम्याखालीं पांढुरकें ॲल्युमिनियम निघालें. ॲल्युमिनियमचा विद्युत्रोध तांब्याच्या सुमारें १.६ पट, आणि दोन-चार वेळां वांकविलें कीं तें मोडतें. एका जोडींतील तार टोंकाशीं जवळजवळ तुटलेलीच होती. दुकानदारानें सन २०१४ मध्यें आमच्यापुढें दोन बंडलें ठेविलीं होतीं, तें आम्हांस लख्ख आठवलें. वरून दोन्ही सारखीं दिसत होतीं. आम्हीं स्वस्त तें घेतलें, आणि घरीं येऊन बचतीचा हिशेब मोठ्या अभिमानानें सांगितला होता.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाहीं असें म्हणतात. आमच्या तारेचा पीळ केव्हांच गेला होता. आमचा मात्र होता तसा होता.

खेद याचा वाटतो कीं, प्रयोगाचा पहिला नियम आम्ही प्रतिवर्षीं नववीच्या मुलांना फळ्यावर लिहून देतों. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या तशाच ठेवाव्या, आणि काय बदललें व काय बदललें नाहीं तें पाहावें. आम्हीं कंपनी बदलली, पेटी बदलली, तांब्याच्या लाइनीच्या जागीं काच आणली. दोष होता तसाच राहिला. जी एक गोष्ट मुळींच बदलली नव्हती ती आमच्या टेबलाखालीं पडून होती. पहिल्या कंपनीला आम्हीं नालायक ठरविलें तेंहि न्यायाचें नव्हतें. तिची लाइन मंद असेल, परंतु पेटीजवळ ती मोजून पाहण्याचें आम्हांस सुचलेंच नाहीं.

शुद्ध तांब्याची बावीस मीटर तार, तिला स्वतंत्र नळी आणि दोन नवे जोड, हें सर्व सातशें रुपयांच्या आंत झालें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत आमचा आवाज एकदांहि तुटला नाहीं. तास संपण्यापूर्वीं आम्ही सर्व मुलांस म्हणालों कीं, दोष आमच्या घरांतील तारेचा होता, आणि त्या मुलीनें सांगितलें तें अक्षरशः खरें होतें. तिनें उत्तर दिलें नाहीं. पण तिच्या घरचा मोबाइल त्या दिवशीं नऊ वाजून पांच मिनिटांपर्यंत चालू होता. अपवर्तनाचे चारहि तास आम्हीं पुन्हा घेतले. टिपणवहींतील शेरा खोडला. त्या वर्षींची दहावीची परीक्षा पुढें रद्द झाली आणि शाळांनीं केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला. तो शेरा तसाच राहिला असता तर काय झालें असतें, याचा विचार आम्ही आजहि सुखानें करूं शकत नाहीं. कंपनीकडे आम्हीं दुसरें पत्र लिहून पहिली तक्रार मागें घेतली. हें पत्र पहिल्याइतकें सुंदर उतरलें नाहीं.

पालकवर्ग पुष्कळदां आम्हांस विचारतो कीं, मुलांच्या अभ्यासासाठीं कोणत्या कंपनीचें इंटरनेट घ्यावें. आम्ही कंपनीचें नांव सांगत नाहीं. पाहण्याच्या गोष्टी सांगतों. जाहिरातींतील १०० हा आंकडा बिटांचा असतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून सेकंदास फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतील. छापलेल्या भावावर १८ टक्के जीएसटी बहुधा निराळा लागतो. येणारी आणि जाणारी अशा दोन्ही गति विचाराव्या. एका काचतंतूवर ३२ किंवा ६४ घरें जोडलेलीं असूं शकतात. म्हणून रात्रीं आठ वाजतां, सारी गल्ली जागी असतांना, शेजाऱ्याकडे गति कशी असते तें पाहावें. बिघाड झाल्यास मनुष्य किती दिवसांनीं येतो, हेंहि त्याच शेजाऱ्यास विचारावें. नुसत्या 'ब्रॉडबँड' या शब्दावर भुलूं नये. सन २००४ च्या सरकारी धोरणानें २५६ किलोबिटांसहि तें नांव दिलें होतें. सन २०२३ पासून त्यासाठीं निदान २ मेगाबिट लागतात.

पण हें सर्व मागाहून. आधीं आखूड, चांगल्या तारेनें पेटीजवळच गति मोजावी, आणि मग आपल्या नेहमींच्या जागेवर मोजावी. पहिलाच आंकडा कमी असेल तर कंपनीस खुशाल जाब विचारावा. पहिला चांगला आणि दुसरा वाईट असेल तर तक्रारीचा कागद बाजूस ठेवून स्वतःच्या घरांतील तार पाहावी.

त्या जुन्या तारेचा हातभर तुकडा आम्हीं शाळेंतील शास्त्राच्या कपाटांत ठेविला आहे; एका टोंकाचा उलगडलेला पीळ आणि खरवडलेल्या जागीं पांढरें ॲल्युमिनियम स्पष्ट दिसतें. ज्या विद्यार्थ्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें.