दार आतून लावता येतं का?

आम्हा कोल्हापूरकरांचा समुद्र म्हणजे रंकाळा. खरा समुद्र बघायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठावी लागते. तरीही गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीपाळखीत 'क्रूझ' हा शब्द महाबळेश्वरइतका सहज बोलला जाऊ लागलाय. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली. २०२१ च्या सप्टेंबरात 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस' मुंबईहून निघू लागली. गोवा, लक्षद्वीप, कोची अशा दोन-चार दिवसांच्या फेऱ्या. रात्री कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तिथून बॅलार्ड पियर टॅक्सीनं पाच-दहा मिनिटांवर.

लोक एकमेकांना विचारतात, "कुठली क्रूझ घेतली?" माझं म्हणणं असं की, खरा प्रश्न 'कुठली खोली घेतली' हा आहे. आमच्या घरात हा प्रश्न आला आणि तो नुसता खोलीचा राहिला नाही.

माझ्या भाईजानच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. पुतण्या पुण्यात चांगल्या नोकरीत आहे. त्यानं ठरवलं, आईवडिलांना क्रूझवर पाठवायचं, तेही सूटमध्ये. मराठीत सूट म्हटलं की भाड्यातली सवलत आठवते. भाईजानांनाही आधी तसंच वाटलं आणि ते खूश झाले. मग आकडा कळला. सूटचं भाडं साध्या केबिनच्या कितीतरी पट! सगळा जन्म गुळाच्या अडतीत गेलेला माणूस, रुपया मोजून खर्च करणारा. ते उखडलेच. "तीन रात्री झोपायला एवढा पैसा? हा इस्राफ आहे," म्हणाले. इस्राफ म्हणजे उधळपट्टी, आणि आमच्यात हा शब्द हलका नाही. वर त्यांनी थेट अब्बांचं नाव काढलं. अब्बा १९८३ साली मोगल लाइनच्या जहाजानं हजला गेले होते, डेकच्या तिकिटावर. "अब्बा डेकपे सोको मक्के को गये, और मैं सूट में बैठको गोवा जाऊं क्या?"

यावर कोण काय बोलणार? भाभी तेवढ्यात उठून आत गेल्या. रात्री पुतण्याचा मला फोन आला, "चाचा, तुम्हीच समजवा."

समजवायच्या आधी आपण समजून घ्यावं म्हणून मी मोबाइलवर जहाजांचे नकाशे उघडून बसलो. कुठल्या मजल्यावर कुठली खोली आहे हे त्यात दाखवलेलं असतं. त्याला डेक प्लॅन म्हणतात. दोन-तीन रात्री त्यात गेल्या. जे कळलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे.

जहाजावर खोल्यांची उतरंड असते. सगळ्यात स्वस्त ती आतली केबिन. तिला खिडकी नाही. दिवा मालवला की दुपार आहे की मध्यरात्र, कळत नाही. साधारण सव्वाशे-दीडशे चौरस फूट, म्हणजे आपल्याकडची बारा बाय दहाची खोली, आणि त्यातच पलंग, कपाट, न्हाणी. त्यावर समुद्र दिसणारी केबिन. तिला काच असते, पण ती उघडत नाही. मग बाल्कनीवाली. काही जहाजांवर हिलाच 'मिनी सूट' म्हणतात, तेव्हा नावावर जाऊ नका, क्षेत्रफळ विचारा. त्यावर खरा सूट: बसायची जागा वेगळी, न्हाणीघर मोठं, कधी टब. आणि सगळ्यात वर एक-दोन अशा खोल्या, ज्यांच्या नावातच चेअरमन किंवा मालक असतो. 'एम्प्रेस' १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं जहाज आहे. त्या काळच्या जहाजांवर बाल्कन्या मोजक्याच, म्हणून त्या आधी संपतात.

आता गंमत बघा. महागड्या खोल्या बहुतेक वरच्या मजल्यांवर असतात आणि जहाज सगळ्यात जास्त डुलतं ते वरच आणि दोन्ही टोकांना. झाडाचा शेंडा हलतो, बुंधा हलत नाही, तसंच. ज्याला घाटात एसटीत उलटी होते त्यानं खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन घ्यावी. ती स्वस्तही असते. इथं पैसा जास्त देऊन त्रास जास्त विकत घेता येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र बराच शांत असतो. पावसाळ्यात या फेऱ्या इकडून निघतच नाहीत. पूर्वीची मुंबई-पणजी बोटही पावसाळ्यात बंदच असायची.

दुसरं, खोलीच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज. खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर रात्री ढोल. अगदी पुढच्या टोकाला नांगराचा खडखडाट, अगदी मागे इंजिनाची थरथर. लिफ्टला लागून असलेल्या खोलीसमोर येजा थांबत नाही. काही खोल्यांच्या मध्ये दार असतं, तिथून शेजारच्यांचं बोलणं ऐकू येतं. काही खिडक्यांसमोर जीवरक्षक होडी टांगलेली असते. समुद्राचे पैसे देऊन होडीची पाठ बघायची. खोलीचा नंबर कंपनी ठरवेल असं स्वस्त तिकीटही असतं. तरुणांनी घ्यावं, गुडघे दुखणाऱ्यांनी नाही.

परदेशात सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट अशा कंपन्यांची जहाजं तर सगळीच्या सगळी सूटची. भाड्यातच खाणंपिणं आणि दारू. न पिणाऱ्यानं लक्षात घ्यावं की शेजाऱ्याच्या पेल्याला आपलाही हातभार लागतो. एमएससीसारख्या कंपनीच्या मोठ्या जहाजांवर सूटवाल्यांसाठी वेगळं जेवणघर, वेगळा तलाव, आणि तिथं त्यांच्याच कार्डानं दार उघडतं. म्हणजे सूटमध्ये नुसती जागा विकत मिळत नाही. शांतता मिळते, रांगेतून सुटका मिळते, आणि बाकीच्यांपासून अंतर मिळतं.

हे सगळं घेऊन मी रविवारी भाईजानच्या घरी गेलो. त्यांना डुलण्याचं गणित फार आवडलं. "देखो, सस्ता वोच अच्छा!" म्हणाले, आणि आतल्या केबिनवर शिक्का मारायला निघाले. मी म्हणालो, थांबा. खोलीत राहणार कोण आणि किती तास, हे आधी ठरू दे. तुम्ही पहाटे उठून जहाजभर फिराल, जेवणाच्या रांगेत दहा जणांशी ओळखी कराल, रात्री जादूचे खेळ बघाल. तुम्हाला खोली फक्त झोपायला. पण भाभींचं काय?

मग मी भाभींना हाक मारली आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी सगळ्या खोल्यांचे फोटो शांतपणे बघितले. टबचं विचारलं नाही, सोफ्याचं विचारलं नाही. दोनच प्रश्न विचारले. "नमाज को जगा होती क्या?" आणि "दरवाजा अंदर से लगता क्या?"

दुसऱ्या प्रश्नावर भाईजान हसले. मला हसू आलं नाही. भाभी लग्न होऊन आल्या तेव्हा आमचं घर अडीच खोल्यांचं होतं. अब्बा, अम्मी, आम्ही दोघे भाऊ, दोन बहिणी. पुढे मुलं. माझी खाट भाभींच्या खोलीच्या दारातच असायची, नोकरीला लागेपर्यंत. त्या घरात आतून कडी लागणारं दार एकच, न्हाणीचं. भाभींनी वीस वर्षं नमाज स्वयंपाकघरात पढली, मागे चूल आणि बाजूला कुणाचं तरी ताट. चाळीस वर्षांत या बाईला स्वतःची खोली कधीच मिळाली नव्हती.

भाईजानांनी परत अब्बांचा डेक काढला. तेव्हा भाभी जे बोलल्या ते आम्हा दोघा भावांना नवीन होतं. "डेक की बातां अब्बा करते थे. अम्मी कभी करे क्या?"

खरंच, अम्मीही त्या हजला बरोबर होत्या. आम्ही लहानपणापासून ऐकलं ते अब्बांचं जहाज: क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यातला मुक्काम, धक्क्यावरचा निरोप, रात्री डेकवर आडवं पडून बघितलेले तारे, सात-आठ दिवसांनी दिसलेलं जेद्दा. अम्मींचं जहाज त्यांनी फक्त सुनेला सांगितलं होतं. दोरीवर चादरी टांगून केलेला आडोसा, त्यामागे दाटीनं बसलेल्या बायका, ओकारीचा वास, न्हाणीसाठी रांग. समुद्र त्यांनी चढताना बघितला आणि उतरताना. तारे एकदाही नाही.

अब्बांनी डेक निवडला नव्हता. वरच्या वर्गाच्या केबिनी त्या जहाजावरही होत्या. आपल्याकडे पैसे नव्हते. त्या प्रवासाचा सवाब दोघांनाही मिळाला असेल, इन्शाअल्लाह. पण नाइलाजानं सोसलेली गोष्ट पुढच्या पिढीसाठी नियम होत नाही. मुंबईहून हजची जहाजं १९९५ ला थांबली. त्यानंतर भाईजान स्वतः उमराला विमानानं गेले, तेव्हा त्यांना डेक आठवला नव्हता.

मग आम्ही इस्राफचाच हिशोब मांडला. जे वापरणार नाही त्यावर खर्च, ती उधळपट्टी. मोठ्या सूटमधला सोफा पाहुण्यांसाठी. जहाजावर पाहुणे कोण येणार? टबच्या काठावरून पाय टाकणं भाभींच्या गुडघ्यांना जमणार नाही, उलट घसरण्याची भीती. म्हणजे सूट बाद. आतल्या केबिनमध्ये दोन पलंगांमध्ये एक जानमाज पसरायची मारामार. तलावाजवळ डीजे, बाजूला बार. तिथं भाभी बसणार नाहीत. त्यांना कुणी अडवलंय म्हणून नव्हे, त्यांना आवडत नाही म्हणून. मग तीन दिवस बिनखिडकीच्या खोलीत काढायचे? ती तर चादरीमागची अम्मी झाली. म्हणजे आतली केबिनही बाद.

उरली बाल्कनीची, मधल्या भागातली, आणि शक्यतो उजव्या बाजूची. उजवी का? मुंबईहून गोव्याकडे जाताना जहाज दक्षिणेला जातं. उजवीकडे पश्चिम येते, म्हणजे मावळता सूर्य, आणि आपल्याकडून किब्लाही साधारण तिकडेच, किंचित उत्तरेला. परतताना तीच बाल्कनी पूर्वेला होते, मग उगवता सूर्य. जहाज वळलं की किब्ला खोलीत सरकतो, तेव्हा छोटं होकायंत्र जवळ ठेवावं.

बुकिंगआधी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. जाहिरातीतल्या भाड्यावर बंदराचं शुल्क, जीएसटी, सेवाशुल्क चढतं. उतरून फिरण्याचे, इंटरनेटचे, शीतपेयांचे पैसे बहुतेक वेगळे. मांसाहार हलाल आहे का, हे आधी विचारा. तिथं जाऊन वाढप्याला पेचात पकडू नका. न्हाणीत पाण्याचा फवारा आहे का हेही विचारा, नाहीतर बॅगेत लोटा टाका. लाजायचं काही नाही. निघण्याआधी जीवरक्षक जॅकेटची कवायत असते, ती टाळू नका. आणि खोली आवरणाऱ्या पोराशी दोन शब्द बोला. या नोकऱ्यांत गोव्याची, रत्नागिरीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तुमची बाल्कनी झाडणारा स्वतः अगदी खालच्या मजल्यावर, कुणाबरोबर तरी वाटून घेतलेल्या बिनखिडकीच्या खोलीत झोपतो, तोही महिनोन्‌महिने.

जानेवारीत दोघं जाऊन आले. भाभींना विचारलं, कसं होतं? म्हणाल्या, "अच्छा था. फजर के बाद दरवाजा लगाको बैठती थी." एवढंच. भाईजान मात्र थांबत नाहीत. पेठेत कुणी क्रूझचं नाव काढलं की गुळाची ढेप बाजूला ठेवून सांगतात, "डेक प्लॅन बघा आधी. मधली घ्या. उजवी घ्या. आणि बायकोला विचारून घ्या."