मायरहॉफ शिष्यवृत्ती : हुशार मुलांची गळती आणि तिच्यावरचा उपाय

मायरहॉफ शिष्यवृत्ती कार्यक्रम १९८८ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या बाल्टिमोर काउंटी येथील सरकारी विद्यापीठात सुरू झाला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितात पदवी घेऊन पुढे पीएच.डी.कडे वळावे, हा त्याचा उद्देश होता. देणगी रॉबर्ट मायरहॉफ यांची होती, तर आखणीमागे फ्रीमन ह्रबॉव्स्की होते.

ह्रबॉव्स्की यांचा जन्म १९५० मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात झाला. १९६३ मध्ये वर्णभेदाविरुद्ध निघालेल्या मुलांच्या मोर्चात सामील झाल्याबद्दल वयाच्या बाराव्या वर्षी त्यांना पाच दिवस कोठडीत काढावे लागले. गणिताचे शिक्षण घेतलेले ह्रबॉव्स्की १९८७ मध्ये या विद्यापीठात प्रशासक म्हणून आले आणि १९९२ ते २०२२ अशी तीस वर्षे त्याचे अध्यक्ष होते.

कार्यक्रमापुढचा प्रश्न गळतीचा होता. शाळेत उत्तम गुण मिळवलेले विद्यार्थीही पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात किंवा कॅलक्युलसमध्ये अडखळत आणि विज्ञान सोडून देत. त्याचा दोष बुद्धीला किंवा कष्टाळूपणाच्या अभावाला दिला जाई. गणिताचे प्राध्यापक युरी ट्राइसमन यांना बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकात वेगळेच कारण आढळले होते. चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून गणिते सोडवत आणि एकमेकांच्या चुका काढत. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनत घेत, पण एकेकटे. त्यामुळे आपले कुठे चुकते, हे त्यांना परीक्षेतच कळे.

मायरहॉफ कार्यक्रमाची घडण या एकटेपणावरच्या उपायाभोवती आहे. प्रवेशानंतर, पहिले सत्र सुरू होण्याआधी, नवी तुकडी उन्हाळ्यात सहा आठवडे एकत्र राहून शिकते. पुढे अभ्यासगट, वैयक्तिक मार्गदर्शन आणि संशोधनशाळांतील उन्हाळी उमेदवारी असते. घरच्यांनाही सामावून घेतले जाते. पायाभूत विषयात ‘सी’ श्रेणी मिळाल्यास, उत्तीर्ण असूनही, तो विषय पुन्हा करण्याचा आग्रह धरला जातो. कारण कच्च्या पायावर पुढचे विषय उभे राहत नाहीत. म्हणून हा कार्यक्रम उपचारात्मक वर्गांहून वेगळा ठरतो : त्याचे लक्ष्य केवळ उत्तीर्ण होणे नाही, प्रावीण्य आहे.

१९८९ च्या पहिल्या तुकडीत १९ विद्यार्थी होते आणि ते सर्व पुरुष होते. १९९० पासून विद्यार्थिनींना प्रवेश मिळाला. मेरीलँड विद्यापीठाची केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेली दुसरी एक शिष्यवृत्ती न्यायालयात टिकली नाही. त्यानंतर, १९९६ मध्ये, मायरहॉफ कार्यक्रमही सर्व वंशांसाठी खुला झाला.

मूल्यमापनासाठी तुलनेचा गट काळजीपूर्वक निवडला गेला. निवड होऊनही अन्यत्र शिकायला गेलेल्या, म्हणजे गुणवत्तेने तोडीस तोड असलेल्या विद्यार्थ्यांशी तुलना केली तेव्हा, मायरहॉफ विद्यार्थ्यांचे विज्ञानात पीएच.डी.पर्यंत जाण्याचे प्रमाण सुमारे पाचपट आढळले. मॉडर्नाच्या कोविड लशीमागील संशोधनात मोलाचा वाटा असलेल्या किझमेकिया कॉर्बेट याच कार्यक्रमातल्या.

या यशाला मर्यादाही आहेत. कार्यक्रम मुळातच चांगली तयारी असलेल्यांची निवड करतो, त्यामुळे शाळेतच मागे पडलेल्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. शिवाय तो खर्चिक आहे आणि प्राध्यापकांचा बराच वेळ मागतो. तरीही तो एकाच विद्यापीठापुरता राहिला नाही. चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ आणि पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ यांनी २०१३ मध्ये त्याच धर्तीवर आपापले कार्यक्रम सुरू केले.