टर्कीचं मीठ-पाणी

आपल्या स्वयंपाकघरात मीठ मोजून घालायची रीत नाही. चिमूट, मूठ आणि हाताचा अंदाज. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "चवीपुरतं." पण अख्खा पक्षी मीठ-पाण्यात मुरवायचा असेल तर तिथे हा अंदाज चालत नाही, वजनकाटाच लागतो.

आता म्हसावदला बसून मला टर्कीची उठाठेव कशाला, असं तुम्ही म्हणाल. सांगते. माझी लेक अमेरिकेत मिशिगनला असते. तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. १९४१ च्या कायद्यानं हा वार पक्का झाला. अकरा वर्षं लेकीचं कुटुंब त्या दिवशी शेजारच्या एका वयस्क जोडप्याकडे जेवायला जायचं. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या बाईंचे यजमान गेले. लेकीचा फोन आला, "आई, यंदा मीच करणार आहे. त्यांना एकटीला ओव्हनपुढे उभं करायचं नाही. पण सण त्यांचा, मग चवही त्यांचीच हवी ना? आपला मसाला घालू की नको?"

प्रश्न साधा नव्हता. अकरा वर्षांचं जेवण एका दिवसात फेडायचं होतं, आणि तेही दुःखातल्या माणसाला परकं न वाटता.

मी टर्की कधी शिजवली नाही, पण शिक्षकी खोड जात नाही. वाचायला बसले. गंमत बघा, हा पक्षी माणसाळवला मेक्सिकोत. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं, तुर्की लोक त्याला 'हिंदी' म्हणतात आणि पोर्तुगीज 'पेरू'! १६१२ मध्ये मुकर्रब खानानं गोव्याहून जहांगीर बादशहासाठी अपूर्वाईचे पशुपक्षी आणले, त्यात टर्की होती. बादशहाच्या पदरी असलेल्या मन्सूरनं तिचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आणि आमच्या नंदुरबारच्या पथारींवर वाळत पडते ती लाल मिरची? तीही मूळची अमेरिका खंडातलीच, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलेली. मी लेकीला म्हटलं, "अगं, मिरची आणि टर्की दोघी एकाच माहेरच्या. कुणाची चव कुणाला परकी?"

मग हिशोब सांगितला. सहा किलोचा पक्षी, सहा लिटर पाणी. लिटरला ५० ग्रॅम मीठ, म्हणजे ३०० ग्रॅम. मापाचा कप वापरायचा नाही, कारण जाड्या मिठाचा कप बारीक मिठापेक्षा हलका भरतो. दीडशे ग्रॅम गूळ. यातल्या एक लिटर पाण्यात मीठ, गूळ, दोन-तीन सुक्या मिरच्या, धणे, तमालपत्र आणि ठेचलेला लसूण घालून उकळायचं. उरलेलं पाणी थंडगार ओतायचं. सगळं पूर्ण निवल्यावरच पक्षी बुडवायचा आणि बारा ते अठरा तास फ्रिजमध्ये, चार अंशांच्या खाली ठेवायचा. बाहेर थंडी आहे म्हणून ओट्यावर ठेवायचा नाही. वेष्टनावर 'मिठाचं पाणी टोचलेलं' असं काही लिहिलं असेल तर हा सगळा खटाटोप करूच नये, पक्षी खारट होईल.

हे मीठ करतं काय? ते हळूहळू मांसात शिरतं, तिथली प्रथिनं सैल करतं, आणि मग भाजताना आतलं पाणी धरून राहतं. गावरान कोंबडीला आपण मीठ-हळद लावून ठेवतो, त्यातही मिठाचं काम हेच. मसाल्याचा सुवास मात्र फारसा आत जात नाही, वरवरच राहतो. म्हणून काळा मसाला पाण्यात वाया घालवायचा नाही. पक्षी बाहेर काढून कोरडा पुसायचा, लोण्यात थोडा मसाला कालवून कातडीखाली लावायचा. तोही अर्ध्याच भागाला. दुसरी बाजू नुसत्या लोण्याची, म्हणजे ज्याला जे हवं ते. भाजताना सगळ्यात जाड भागात ७४ अंश सेल्सिअस झाले पाहिजेत. खाली गळलेला रस खारट असतो, तेव्हा रश्श्यात वेगळं मीठ नको.

शेजारच्या बाई आल्या. लेक सांगते, आधी साध्या बाजूचं वाढून घेतलं, मग न बोलता दुसऱ्या बाजूचं. यजमानांचा विषय जेवताना त्यांनीच काढला. निघताना हाडं डब्यात भरून मागितली, दुसऱ्या दिवशी सूप करायला. तो माणूस दरवर्षी करायचा म्हणे.

आणि ओट्यावर मसाल्याच्या डब्याशेजारी पडलेलं काळसर, वाळक्या पाकळीसारखं काहीतरी हातात घेऊन त्यांनी विचारलं, हे काय आहे? दगडफूल, लेकीनं सांगितलं. त्यांना ते म्हणता काही येईना. नातीनं तीनदा म्हणवून घेतलं.