वय वर्षं २४, राजीनामा!

चोविसाव्या वर्षी आपण काय करत असतो? पहिली-दुसरी नोकरी, पहिला ईएमआय आणि ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?’ या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर. राजीनामा दिलाच, तर दुसरीकडची हाइक पक्की झाल्यावर! ख्रिस बॉर्लंड नावाच्या पठ्ठ्यानं मात्र या वयात चक्क एनएफएल सोडलं. पुढची कुठलीही ऑफर हातात नसताना.

२०१४ मध्ये मी ऑनसाइट होते, सॅन्टा क्लाराला. ‘फोर्टी-नायनर्स’चं नवंकोरं लिव्हाइज स्टेडियम त्याच वर्षी तिथं सुरू झालं होतं. सोमवारी ऑफिसात दुसरा विषयच नसायचा. मला नियमांतलं ओ की ठो कळायचं नाही. शेवटी टीममधल्या एकानं सोपा उपाय सांगितला, ‘‘फक्त लाइनबॅकरकडे बघ. चेंडू जिकडे, तिकडे तो.’’

लाइनबॅकर म्हणजे बचावाची दुसरी फळी. समोरचे काय करणार हे क्षणात ताडायचं आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला झेप घेऊन आडवं करायचं. आपली कबड्डीतली पकडच म्हणा ना, फक्त हेल्मेट घालून आणि दोघंही भरधाव!

इथवर पोचायची वाट लांबलचक. आधी शाळा, मग कॉलेजचा संघ, मग ड्राफ्ट. ३२ संघ, सात फेऱ्या. कॅम्पस प्लेसमेंटच, पण कंपनी निवडायची मुभा नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात हिस्टरी शिकलेल्या, लाइनबॅकरच्या मानानं बुटक्या बॉर्लंडचा नंबर लागला तिसऱ्या फेरीत, ७७वा. चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. स्टार पॅट्रिक विलिस जखमी झाला आणि बॉर्लंडला संधी मिळाली. १४ सामन्यांत शंभरावर टॅकल! आमच्या ऑफिसात जो तो त्याचंच नाव घेत होता.

आणि मार्च २०१५ मध्ये बातमी आली, बॉर्लंड निवृत्त! कारण? डोकं. सीझनआधीच्या सरावात त्याला एक जोराचा धक्का बसला होता. तेव्हापासून तो वाचत होता, संशोधकांना भेटत होता. डोक्यावर वर्षानुवर्षं बसणाऱ्या धक्क्यांतून सीटीई नावाचा मेंदूचा आजार होऊ शकतो. त्याचं पक्कं निदान होतं ते मृत्यूनंतरच. ज्युनियर सेऊ हा नामांकित लाइनबॅकर २० सीझन खेळला. २०१२ मध्ये, ४३व्या वर्षी त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. नंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई सापडला.

बॉर्लंडला साइनिंग बोनस मिळाला होता सुमारे ६ लाख १७ हजार डॉलर. त्यातला तीन-चतुर्थांश परत करायची तयारी त्यानं दाखवली. आपलं नोटीस पिरियड बायआउट त्यापुढे किस झाड की पत्ती!

‘वेडा आहे का हा?’ ऑफिसात बहुतेकांचं हेच मत. मला मात्र वेगळंच वाटलं. दुखापतीनं घरी बसवल्यावर थांबणं निराळं आणि धडधाकट असताना, टाळ्या चालू असताना थांबणं निराळं. पुढे २०२० मध्ये ल्यूक कीकली हा आणखी एक नामवंत लाइनबॅकर २८व्या वर्षीच निवृत्त झाला.

पुण्याला परतल्यावर मी नाइट सपोर्टला होते. तीसही पूर्ण नव्हती आणि बीपीची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘अजून किती दिवस रेटणार?’’ माझे रात्रीचे कॉल आणि बॉर्लंडचे धक्के यांची तुलनाच नाही, मान्य. शिवाय त्याच्यामागे होम लोन नव्हतं! मी राजीनामा दिला नाही. पण ‘रात्रपाळी बंद’ हे लेखी कळवलं. त्या वर्षीचं प्रमोशन गेलं. आई म्हणाली, ‘‘गेलं तर गेलं. झोपतेस तरी आता!’’

खरं सांगू? नोकरी आपल्याला काय देते ते पेस्लिपवर छापलेलं असतं. काय घेते ते कुठेच छापत नाहीत. ते आपणच लिहायचं. किती द्यायचं आणि कुठे थांबायचं हेही! पुढच्या अप्रेझलला जाण्याआधी तो आकडाही एकदा लिहून ठेवा. आणि हो, शरीरानं आठवण करून द्यायच्या आत.