कुणाच्या हातचं जेवलास?

हॉस्टेलला आल्यावर पहिल्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आजीने अभ्यासाचं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "तुमच्या मेसमध्ये स्वयंपाकाला कोण असतं रे?" मी थाप ठोकली, "आपल्यातलेच आहेत गं." मेसचे काका कोणातले हे मला आजही माहीत नाही. त्यांच्या डाळीत पाणी किती असतं, तेवढं मात्र पक्कं माहीत आहे!

ही थाप मी विसरूनही गेलो होतो. गेल्या सेमिस्टरला एका स्पर्धेसाठी मुंबईला गेलो. प्रोजेक्ट ऐन डेमोला बंद पडला (जाऊ द्या), आणि संध्याकाळी मी व माझा रूम पार्टनर गिरगाव चौपाटीवर भेळ खात बसलो. समोर विल्सन कॉलेजची १८८९ सालची दगडी इमारत. पार्टनर जालन्याचा, ख्रिस्ती. म्हणाला, "आमच्याकडे बेथेल वसवलं ना, ते नारायण शेषाद्री इथलेच विद्यार्थी."

झालं! पीएलमध्ये अभ्यास सोडून मी तेच वाचत बसलो.

१८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने गिरगावात इंग्रजी शाळा काढली. त्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं. शाळेत इंग्रजीबरोबर बायबल शिकवत, आणि हेतू धर्मप्रसाराचा होता हे विल्सन लपवतही नसत. तरी लोक मुलांना पाठवत, कारण इंग्रजी हवं होतं. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी हा पारशी विद्यार्थी ख्रिस्ती झाला. प्रकरण कोर्टात गेलं, पालकांनी भराभर मुलं काढून घेतली. पण शाळा टिकली, तिचंच पुढे कॉलेज झालं.

मी अडकलो ते १८४३ पाशी. त्या वर्षी नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. पण तो तिथे राहिला, तिथलं जेवला. वडील कोर्टात गेले. कोर्टाने अल्पवयीन मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. (एवढ्या लहान मुलाला ठेवून घेणं मलाही पटत नाही.)

आता संपायला हवं होतं ना? पण कोर्टाने दिलेला मुलगा जात घेईना! बाळशास्त्री म्हणाले, प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्या. त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत तट पडले, बाळशास्त्रींनाही विरोध सोसावा लागला. मोठमोठे शास्त्री वाद घालत होते, आणि मुद्दा काय? तर एका पोराने दुसऱ्याच्या घरी चार घास खाल्ले!

श्रीपत घरी आला त्या रात्री त्याचं पान कुठे मांडलं असेल? पंक्तीत, की वेगळं? हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. पार्टनरला विचारलं तर तो म्हणाला, "मेस बंद होईल, चल आधी." गेलो. नेहमीसारखं एकाच ताटात दोघांनी लोणचं घेतलं.

यंदा दिवाळीला तो माझ्याबरोबर घरी येणार आहे. आईला सांगितलंय. आजीला अजून सांगायचंय.